कोलावर ते मन्नेरवारलू : किनवटच्या डोंगरातील नावांचा इतिहास

कोलाम ही नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागात, शेजारच्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत आणि तेलंगणाच्या आदिलाबाद परिसरात राहणारी आदिवासी जमात आहे. तिची स्वतःची कोलामी भाषा आहे आणि त्या भाषेत ही माणसे स्वतःला ‘कोलावर’ म्हणतात. तेलुगू शेजाऱ्यांनी त्यांना ‘मन्नेपुवारलू’ किंवा ‘मन्नेरवारलू’ हे नाव दिले. तेलुगूत ‘मन्ने’ म्हणजे डोंगराळ रानप्रदेश आणि ‘वारलू’ म्हणजे लोक, म्हणून मन्नेरवारलू म्हणजे रानातले लोक. गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणत, कारण डोंगराच्या आणि शिवाराच्या जुन्या देवांची पूजा कोलामांच्या हातून व्हावी असा गोंडांचा संकेत होता. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सत्ताविसाव्या क्रमांकावर ‘कोलाम, मन्नेरवारलू’ अशी नोंद आहे. एकाच जमातीची ही चार नावे कोठून आली आणि त्यांतील कोणते कागदावर टिकले, हा नांदेड-लातूर भागाच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आहे.

डोंगर आणि त्यातील वस्त्या

किनवट आणि माहूर हे तालुके पैनगंगेच्या वळणावर वसले आहेत. सागाची जंगले, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा आणि रेणुकामातेचा माहूरगड ही या भागाची ओळख. येथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि दखनी उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. वस्तीच्या नावावरूनही ती कोणाची हे कळते. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’, गोंडांच्या वस्तीला ‘गुडा’ आणि बंजाऱ्यांच्या वस्तीला ‘तांडा’ म्हणतात.

गोंडांचे स्वतःचे नाव ‘कोयतूर’. ‘गोंड’ हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला असून तो डोंगर या अर्थाच्या तेलुगू ‘कोंडा’ शब्दावरून आला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली आहेत, आणि एका गटात सोयरीक होत नाही. ही कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जपण्याचे काम परधानांचे. किंगरी वाजवत गोंडांचा वंश आणि देव सांगणाऱ्या या जमातीला ‘पाठारी’ असेही म्हणतात. कोणत्या कुळाने कोणत्या देवापुढे बसायचे, कोणाशी लग्न करायचे नाही, हे लेखी कागद नसलेल्या समाजात परधानाच्या स्मरणात राहत असे. दिवाळीच्या सुमारास या डोंगरात दंडारी निघते आणि मोरपिसांचे मोठे टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचतात.

नायकपोड ही आणखी एक जमात. तिच्यातील बहुतेक लोक तेलुगू बोलतात. काही ठिकाणी मात्र त्यांच्यात कोलामीशी जवळीक असलेली नायकी भाषा टिकून होती. आंध ही जमात किनवट, हदगाव आणि हिंगोलीकडच्या भागात तसेच विदर्भात मोठ्या संख्येने आहे. तिची भाषा मराठी. ‘आंध’ हे नाव ‘आंध्र’ या प्राचीन लोकनामाशी जोडले जाते. पुराणांनी सातवाहन राजांना आंध्र म्हटले असल्यामुळे समाजातील काही जण आपले मूळ थेट पैठणच्या सातवाहनांशी जोडतात. हे नाते इतिहासाने सिद्ध झालेले नाही, पण नावाचा अभिमान त्यातून स्पष्ट दिसतो. आंध समाजात वरताळी आणि खालताळी असे दोन भाग आहेत.

निजामी राजवट : पुस्तके, जंगल आणि जमीन

विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. आजच्या लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, तर लातूर शहर उस्मानाबाद जिल्ह्यात. सरकारी कारभार उर्दूत चाले, गावचे दप्तर मराठी किंवा तेलुगूत असे आणि जनगणनेचे अहवाल इंग्रजीत छापले जात. एकाच जमातीचे नाव या तीन-चार भाषांतून फिरताना बदलत जाई.

याच काळात जमातींची नावे ग्रंथांत स्थिर होऊ लागली. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडी ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. निजामाच्या राज्यातील जाती-जमातींवरील सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० साली आला. हे ग्रंथ प्रशासनाच्या सोयीसाठी लिहिलेले होते. माहिती बहुधा गावचे अधिकारी आणि शेजारच्या जातींचे लोक देत, त्यामुळे जमात स्वतःला काय म्हणते यापेक्षा शेजारी तिला काय म्हणतात हेच नाव मथळ्यावर येई. पुढे न्यायालयांत आणि कार्यालयांत पुरावा म्हणून हेच ग्रंथ उघडले गेले.

त्याच सुमारास डोंगरात मोठी उलथापालथ चालू होती. कोलाम आणि नायकपोड उतारावर झाडी तोडून, जाळून, कुदळीने शेती करत आणि काही वर्षांनी जागा बदलत. निजाम सरकारने जंगले राखीव केली तेव्हा ही शेती गुन्हा ठरली. पोडे उठवली गेली आणि लोक सपाटीवर सालदार किंवा कुळे होऊन राहिले. गोंडांच्या जमिनीही पट्टे नसल्यामुळे बाहेरून आलेल्या सावकारांच्या आणि शेतकऱ्यांच्या नावावर चढल्या. या अन्यायातून आदिलाबादच्या डोंगरात कुमराम भीम यांचे बंड उभे राहिले. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले.

बंडाने सरकार हादरले. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना सरकारने आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. आदिलाबाद जिल्ह्यातील मारलावाई या गोंड गावात राहून त्यांनी हे काम केले. ‘ट्रायबल हैदराबाद’ हा त्यांच्या चार अहवालांचा संग्रह १९४५ साली, तर आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे पट्टे, गोंडीतून शाळा आणि आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे नियम ही त्यांच्या कामाची फळे होती. निजाम सरकारने १९४६ साली आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम केला. किनवट तेव्हा आदिलाबादचाच भाग असल्यामुळे हा इतिहास किनवटचाही आहे. कोलाम स्वतःला कोलावर म्हणतात, ही नोंद हाइमेनडॉर्फ यांच्या लेखनात आहे. पुढे १९५५ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी कोलामी भाषेचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. कोलामी ही मध्य द्राविडी शाखेतील स्वतंत्र भाषा आहे, ती गोंडीची किंवा तेलुगूची बोली नव्हे, हे त्यातून पक्के झाले.

१९५० ची यादी

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ प्रमाणे राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. त्यात हैदराबाद राज्यासाठी नऊ नोंदी होत्या : आंध, भिल्ल, चेंचू, गोंड (नायकपोड व राजगोंड यांसह), हिल रेड्डी, कोलाम (मन्नेरवारलू यांसह), कोया (भिने कोया व राजकोया यांसह), परधान आणि थोटी.

या छोट्या यादीत इतिहासाचे अनेक थर दिसतात. गोंडांचे नाव बाहेरच्यांनी दिलेले, तर ‘कोया’ हे ‘कोयतूर’च्याच मुळातून आलेले स्वतःचे नाव. दोन्हींची वेगवेगळी नोंद झाली. नायकपोडांची भाषा आणि देव वेगळे असूनही त्यांना गोंडांच्या पोटात बसवले गेले. कोलामांच्या जोडीला तेलुगू लोकांनी दिलेले नाव कंसात आले. यादीचा हेतू स्पष्ट होता : गावात या जमातीला कोणत्याही नावाने ओळखत असले तरी तिचा हक्क बुडू नये. मात्र कायद्याच्या भाषेत कंसातील शब्दाला स्वतंत्र वजन येते, आणि पुढच्या काळात तेच झाले.

१९५६ ची रेषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि हैदराबाद राज्य संपले. मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ, भैसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूरकडची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे तेलुगू भागाकडे गेली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका, बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आणि राजुरा तालुका मराठी भागात आला. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा त्यात आले.

ही रेषा बहुसंख्यांची भाषा पाहून आखली होती. तिच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गोंडी आणि कोलामी भाषांना राज्य नव्हते, म्हणून त्यांचा विचार रेषेत नव्हता. एकाच कुळाचे कोलाम काही इकडे, काही तिकडे राहिले. किनवटच्या कोलाम मुलाची शाळा मराठीत सुरू झाली, आदिलाबादच्या कोलाम मुलाची तेलुगूत. नांदेड आणि आजच्या लातूर जिल्ह्यांच्या सीमावर्ती तालुक्यांत, देगलूर, बिलोली, धर्माबाद, मुखेड, उदगीर या भागांत, तेलुगू मूळ असलेली कितीतरी कुटुंबे मराठी राज्यात आली. त्यांच्या जातींची नावे तेलुगू होती आणि आता ती मराठी अक्षरांत लिहायची होती.

सारखे ध्वनी, वेगळे अर्थ

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची यादी बरीच वर्षे प्रदेशानुसार विभागलेली होती. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या याद्या वेगळ्या होत्या आणि एका भागातील जमातीला दुसऱ्या भागात तो दर्जा मिळत नसे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. तो कायदा २७ जुलै १९७७ पासून लागू झाला. उद्देश योग्य होता, कारण जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून आदिवासी माणूस आदिवासी राहत नाही, हे मानणे अन्यायाचे होते. परंतु त्यामुळे मराठवाड्यात पूर्वी यादीत नसलेली नावेही लागू झाली आणि नावांच्या साम्याचा प्रश्न उभा राहिला.

यादी इंग्रजीत छापलेली, नावे तेलुगू, गोंडी किंवा मराठी, जुन्या नोंदी उर्दू आणि मोडीत, नवी प्रमाणपत्रे देवनागरीत. या प्रवासात ‘मन्नेरवारलू’ हे नाव मन्नेवारलू, मन्नेरवार, मन्नेवार अशा अनेक रूपांत लिहिले गेले. खुद्द यादीतच ‘मन्नेवार’ हा शब्द अठराव्या क्रमांकावर गोंडांच्या पोटजमातींत आहे आणि ‘मन्नेरवारलू’ सत्ताविसाव्या क्रमांकावर कोलामांसोबत. तेलुगू प्रदेशात ‘मुन्नूर कापू’ नावाची शेतकरी जात आहे. तिच्या नावातील ‘मुन्नूरु’ म्हणजे तीनशे, त्याचा ‘मन्ने’ म्हणजे रान या शब्दाशी संबंध नाही. पण मराठी कानाला मुन्नुरवार आणि मन्नेरवार हे शब्द जवळचे वाटतात. नांदेड भागातील मन्नेरवारलू प्रमाणपत्रांचे अनेक वाद याच जवळिकीतून जन्मले.

कोळी समाजाबाबतही असेच घडले. कोल, कोलाम, ढोर कोळी, महादेव कोळी आणि मल्हार कोळी ही नावे यादीत एकाखाली एक येतात, पण ती पाच वेगवेगळी नावे आहेत. महादेव कोळ्यांचे जुने ठाणे सह्याद्रीत, अकोले, जुन्नर आणि नाशिककडच्या डोंगरांत. हैदराबाद राज्याच्या १९५० च्या यादीत हे नाव नव्हते. क्षेत्रबंधन उठल्यावर लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील कोळी कुटुंबांकडूनही या जमातीचे दावे आले. जुन्या दप्तरांत बहुतेक ठिकाणी केवळ ‘कोळी’ एवढेच लिहिलेले, त्यामुळे पूर्वज कोणते कोळी होते हे कागद सांगू शकत नव्हता.

धनगर समाजाचा वाद एका अक्षराचा आहे. यादीत छत्तिसाव्या क्रमांकावर ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. इंग्रजी लिपीत ‘र’ आणि ‘ड’ यांची गल्लत होऊन ‘धनगर’चे ‘धांगड’ झाले, असे धनगर समाजाचे म्हणणे. मराठवाड्यातील हटकर धनगरांसह राज्यभरातील समाजाने ही मागणी लावून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२४ रोजी या याचिका फेटाळल्या.

पडताळणी : जमात कशी सिद्ध करायची

प्रमाणपत्रांची तपासणी कशी करावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात ठरवून दिले. ते प्रकरण महादेव कोळी दाव्याचेच होते. तपासणी समिती, तिच्या मदतीला दक्षता पथक आणि जमातीच्या चालीरीतींची चौकशी अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. महाराष्ट्राने त्यासाठी केलेला कायदा ऑक्टोबर २००१ मध्ये लागू झाला. तेव्हापासून ‘व्हॅलिडिटी’ (वैधता प्रमाणपत्र) हा शब्द मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या घरोघरी ऐकू येतो.

दक्षता पथक गावात येते तेव्हा देव कोणते, लग्नात काय करतात, मयताचे विधी कसे, घरात कोणती बोली, असे प्रश्न विचारले जातात. जुन्या ग्रंथांतील वर्णनाशी उत्तरे ताडून पाहिली जातात. येथे खऱ्या आदिवासी कुटुंबांचीही अडचण होते. शाळेत मराठी शिकलेला, शहरात वाढलेला कोलाम तरुण आजोबांची भाषा विसरलेला असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आनंद प्रकरणात आणि पुन्हा २४ मार्च २०२३ च्या निकालात हे मान्य केले की सांस्कृतिक नात्याची ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे. राज्यघटनेपूर्वीच्या कागदांना अधिक महत्त्व द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले.

दुसऱ्या बाजूला यादीचे शब्द ताणता येत नाहीत, हेही न्यायालयाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात घटनापीठाने ठरवले की अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचायची असते. तिच्यात बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. त्या निकालाने हलबा कोष्टी हे हलबा जमातीत येत नाहीत असे ठरले. ६ जुलै २०१७ च्या बहिरा निकालाने, प्रमाणपत्र अवैध ठरल्यास त्यावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण राहत नाही, हे निश्चित झाले.

या सगळ्यात मूळ जमातीचे हित कोठे आहे, हा कळीचा प्रश्न आहे. कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबत कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. राखीव जागा मर्यादित असतात. चुकीच्या नावाने एक जागा गेली तर ती पोडावरच्या मुलाच्या वाट्याची जाते. पुराव्याअभावी खरा दावा फेटाळला गेला, तरी नुकसान त्याच मुलाचे होते.

रेषेपलीकडची ओळख : बंजारा

नावाचा आणि रेषेचा संबंध बंजारा समाजाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतो. या समाजाला बंजारा, लमाण, लंबाडा, लंबाणी अशी नावे शेजाऱ्यांनी दिली. आपल्या गोरबोलीत ते स्वतःला ‘गोर’ म्हणतात आणि बाहेरच्या माणसाला ‘कोर’. किनवट, माहूर, मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांत त्यांचे शेकडो तांडे आहेत.

तेलंगणा भागात लंबाडा समाजाला १९७६ च्या त्याच दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. त्यामुळे किनवटच्या तांड्यातील भाऊ विमुक्त जातीचा आणि सीमेपलीकडच्या आदिलाबादमधील त्याचा चुलतभाऊ अनुसूचित जमातीचा, अशी स्थिती आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये हा फरक थेट जमिनीला भिडतो. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवली की पुरते, तर इतर पारंपरिक वननिवासीला तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते.

मराठा-कुणबी नोंदींसाठी राज्य सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्यानंतर बंजारा समाजाने त्याच जुन्या कागदांचा हवाला देत अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी नव्याने मांडली, आणि आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला. निजामी काळात इंग्रजीत छापलेला एक शब्द शंभर वर्षांनंतरही मराठवाड्यातील राजकारण हलवतो.

भाषा बदलली, ओळख राहिली

भाषा गेली की जमात संपते, ही समजूत जगात अनेक ठिकाणी खोटी ठरली आहे. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवरात लव्हाळ्याची तरंगती बेटे बांधून राहणारे उरोस लोक याचे उदाहरण आहेत. त्यांची जुनी उरू भाषा मागे पडून तिथे शेजाऱ्यांची आयमारा भाषा आली. तरी ते आयमारा झाले नाहीत. आपण सरोवराचे लोक, ही त्यांची ओळख टिकली. मराठी बोलणारे आंध, तेलुगू बोलणारे नायकपोड आणि घरी मराठी बोलणारे परधान यांची गोष्ट याच जातीची आहे. देव, कुळ, सोयरीक आणि जागा यांच्या आधाराने ही ओळख जिवंत राहते, आणि भाषा टिकली तर ती अधिक बळकट होते.

म्हणूनच किनवटच्या डोंगरात कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून कुळांची, देवांची आणि जुन्या पोडांची नावे आताच लिहून ठेवली पाहिजेत. ग्रामसभांनी आपल्या गावातील जमातींची वंशावळ त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदवली, तर पुढच्या पडताळणीला बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथापेक्षा भक्कम आधार मिळेल. किनवट-माहूरच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांत पेसा कायद्याने ग्रामसभेला परंपरा आणि ओळख जपण्याचा अधिकार दिलेलाच आहे. सरकारी यादीत कोलाम हे नाव आहे, मन्नेरवारलू हे नाव आहे. ज्या नावाने ही माणसे स्वतःला हाक मारतात ते ‘कोलावर’ त्या यादीत आजही नाही.